पंगतीतून उठलेली बाटली

फेब्रुवारी सरत आला की आमच्या पाथर्डी फाट्यावर द्राक्षांच्या पिकअप गाड्या येऊन थांबतात. मागची फळी पाडलेली, क्रेटवर क्रेट, आणि एका कोपऱ्यात वेगळा ढीग नुसत्या मण्यांचा. पॅकिंग करताना घडातून निखळलेले हे मणी. बोटीत बसून परदेशी जाणं त्यांच्या नशिबात नसतं, म्हणून ते आमच्यासारख्यांच्या वाट्याला येतात. दुपारच्या उन्हात त्या ढिगाला एक वास सुटतो. गोड, जरासा चढलेला, तळाशी कुठेतरी आंबायला लागल्याची कुणकुण देणारा. जाणारे-येणारे म्हणतात, काय सुंदर वास आहे. मला मात्र तो आला की एका जागी बसवत नाही.

खरंच बसवत नाही. कॉलेजात बारावीची प्रॅक्टिकल्स चालू असतात, मी केमिस्ट्रीची बाई, ब्युरेटमधून थेंब थेंब पडताना बघत उभं राहणं हेच माझं काम. एरवी मी त्यात तासन् तास रमते. या दिवसांत पोरांच्या आधी मलाच घाई होते. घरी आले की मसाल्याचे डबे रिकामे करून परत भरते. पडदे काढते, धुवायला टाकते, मग लक्षात येतं की ते संक्रांतीलाच धुतले होते. मिलिंद, माझा नवरा, सोफ्यावरून विचारतो, "काय शोधतेयस?" मी म्हणते, "काही नाही." तो पुन्हा विचारत नाही. कशाने अंगात असं कापूस पिंजल्यासारखं होतं, हे त्यालाही ठाऊक आहे.

आमचा एक क्लब आहे. घरच्या घरी बिअर, वाइन आणि मधाची वाइन, जिला मीड म्हणतात, ती करणाऱ्यांचा. क्लब म्हटलं की लोकांना वाटतं गुळगुळीत टेबलं आणि मंद दिवे. आमच्यात सतरंजी असते. वर्षातून एकदा, ऐन द्राक्षांच्या मोसमात, कुणाच्या तरी घरी संध्याकाळी जमायचं आणि आदल्या वर्षी केलेलं चाखायचं. रस्त्यावर या वर्षीची द्राक्षं आणि पेल्यात मागच्या वर्षीची, असा तो मेळ. आम्ही त्याला पंगत म्हणतो. ज्याच्या घरी पंगत, त्याच्या घरातला एक जण वाढपी. सगळ्यांच्या बाटल्या आधी त्याच्या स्वाधीन करायच्या. तो स्वयंपाकघराचं दार लावून प्रत्येक बाटलीवर जुना मोजा चढवतो, म्हणजे कुणाची कोणती ते कळू नये. मग एकेकीचं बूच काढायचं, आधी स्वतः हुंगायची, ठीक असेल तर बाहेर आणून वाढायची. गेलेली असेल, म्हणजे व्हिनेगर झालेली असेल, तर ती बाहेर आणायची नाही, नुसतं दारातून सांगायचं, "एक उठली पंगतीतून." पंगत चालू असताना वाढप्याशिवाय कुणी स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही. हे नियम कुणी केले ते आता कुणालाच आठवत नाही, पण आम्ही ते सोवळ्यासारखे पाळतो.

मोज्यांवरून चेष्टा ठरलेली. "वहिनी, ही बिअर आहे का दादांची नाइट शिफ्ट?" असं एकदा गणेशने विचारलं होतं. गणेश सातपूरच्या एका कारखान्यात टूलरूमला आहे आणि नागलीची, म्हणजे नाचणीची, बिअर करतो. लग्नाआधी बायकोला त्याने हे सांगितलं नव्हतं, आता तीच नागली भिजत घालते. मधाची मीड करणारी अदिती, आमच्यातली सगळ्यांत लहान, लॅपटॉपवर काम करते आणि पेठ-सुरगाण्याकडून मध आणते. आणि सगळ्यांचे वडीलधारे म्हणजे देवळ्याचे बापू. कांद्याचा व्यापार, पांढरी टोपी, आणि असं नाक की बंद कांदाचाळीतला एक सडका कांदा बाहेरूनच ओळखतील. वाइन ते गेली कित्येक वर्षं करतात आणि घरी अजून तिला "शरबत" म्हणतात.

मिलिंद हा आमच्यातला सगळ्यांत उत्साही माणूस. होता, असं म्हणायला हवं. अंबडच्या कंपनीत मेंटेनन्सला, हात सोन्याचे. आमच्या बरण्यांच्या झाकणावर वायू बाहेर जाण्यासाठी जी वाकडी नळी लागते, ती त्याने घरीच बनवली. तिच्यातल्या पाण्यातून बुडबुडे येतात म्हणून तिचं नाव बुडबुड्या. आंबवण चालू असलं की घरभर तिचा आवाज. गुडुप, थोडं थांबून परत गुडुप. आम्हाला मूल नाही. त्या आवाजाने घर भरल्यासारखं वाटायचं, हे मी एकदा त्याच्यापाशी बोललेही होते.

मग एका वर्षी तो बरणीत नळी घालायला लागला. चव बघायला म्हणून आधी. चव आम्ही दोघंही बघायचो, त्यात वावगं काही नव्हतं. पण चव बघून माणूस नळी धुऊन ठेवतो. त्याची नळी बरणीशेजारीच पडलेली असायची. मी बाटल्या भरायला घ्यायचे तर बरणी अर्धी. मी म्हणायचे, "उडालं वाटतं," आणि तो म्हणायचा, "उन्हाळा आहे ना." इतकं सोपं खोटं आम्ही दोघं एकमेकांना सांगत होतो. त्याच वर्षी फाल्गुनात त्याने काळ्या द्राक्षांचे मणी आणले, टबात पाय घालून तुडवले, आणि पोटऱ्यांपर्यंत जांभळा होऊन दिवाणखान्यात नाचला. मी हसले. त्याचे पाय थरथरत होते ते तुडवून नव्हे, हे तेव्हा दिसत होतं तरी हसले.

त्या मोसमात आमचं काहीच धड झालं नाही. कंपनीतून त्याला दोनदा घरी पाठवलं. एकदा गाडीवरून पडला, खांद्याचं हाड मोडलं, आणि हाडापेक्षा लिव्हरकडे बघत डॉक्टर जे बोलले ते ऐकून मी दवाखान्याच्या जिन्यात बसून राहिले. भर उन्हाळ्यात त्याने दारू सोडली. एका शाळेच्या वर्गात संध्याकाळी त्याच्यासारखे लोक जमतात, तिथे जायला लागला. बाकांवर लहान मुलांच्या खोडरबरांचे तुकडे असायचे म्हणे. पहिल्या दिवशी परत आला तेव्हा मुठीत तसा एक तुकडा होता.

मी घरातल्या सगळ्या बाटल्या मोरीत ओतल्या. एक सोडून. त्या फाल्गुनातल्या काळ्या मण्यांची वाइन भरताना जेमतेम काही बाटल्या निघाल्या होत्या. त्यातली एक मी पर्समध्ये घालून कॉलेजात नेली आणि लॅबच्या कपाटात डिस्टिल्ड वॉटरच्या कॅनमागे ठेवली. का ठेवली? विचारू नका. आयुष्यात काहीतरी नासलं म्हणजे सगळंच नासलं असेल का, हे बघायचं होतं बहुतेक. किंवा सरळच सांगायचं तर मला वाइन करायला आवडते आणि ती वाइन होताना मला तिच्यात काहीतरी दिसलं होतं. यीस्ट साखर खातं, तिची दारू करतं आणि शेवटी त्याच दारूत मरतं, हे वाक्य मी वर्गात दरवर्षी हसत सांगायचे. त्या वर्षीपासून तेवढं एक वाक्य गाळते.

वर्ष गेलं. पुन्हा फाट्यावर गाड्या आल्या. त्या वर्षी पंगतीची पाळी आमची होती. मी बापूंना फोन करून सांगणारच होते की आमच्याकडे नको, तर मिलिंद म्हणाला, "आपल्याकडेच होऊ दे. मी वाढतो."

"कशाला?" मी म्हटलं.

"सगळं जग काय माझ्यासाठी बाटल्या लपवणार आहे का? वाढपी पंगतीत जेवत नाही, माधू. त्याहून चांगली जागा कुठली?"

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. त्याच्या वर्गातल्या लोकांना विचारलंस का, हे विचारायचं होतं, पण ते विचारणं म्हणजे त्याच्या हातातला ट्रे काढून घेणं. एका वर्षात मी त्याच्या हातातून इतकं काही काढून घेतलं होतं की हे धाडस झालं नाही. त्याने स्वतःचे जुने मोजे धुऊन गॅलरीत वाळत घातले. ते वाऱ्यावर हलताना मी रोज बघायचे आणि रोज वाटायचं, आज सांगते नको म्हणून. मग एका दुपारी लॅबच्या कपाटातून ती बाटली काढली आणि घरी आणून इतरांच्या बाटल्यांत ठेवून दिली. त्याने पाहिली. बाटलीच्या बुचावर त्याच्याच हाताने ओतलेलं मेण होतं, त्यामुळे ओळखायला वेळ लागला नाही. "ही आहे होय अजून?" एवढंच म्हणाला.

संध्याकाळी सगळे आले. ऊन उतरत होतं, सतरंजीवर कुरमुऱ्यांची परात मध्यभागी. दोन घोटांमध्ये तोंड कोरं करायला साधे कुरमुरे लागतात, चिवडा शेवटी. मिलिंद आत गेला, दार लागलं. आणि माझे कान त्या दाराला चिकटले.

आजही पंगत म्हटलं की मला चवी आठवत नाहीत, आवाज आठवतात. बूच निघण्याचा. मग शांतता, म्हणजे तो हुंगतोय. मग पेल्यांचा किणकिणाट. तो ट्रे घेऊन बाहेर यायचा आणि मी आधी त्याच्या डोळ्यांकडे, मग ओठांकडे, मग हाताकडे बघायचे. ओठ कोरडे आहेत ना. पेले सारखे भरलेत ना. त्याला हे कळत होतं. एकदा माझ्यासमोर पेला ठेवताना तो हळूच म्हणाला, "तपासून घे हवं तर." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि तरीही पुढच्या फेरीला मी तेच केलं.

"वहिनी, कशी वाटली?" गणेशने विचारलं. त्याचा जीव नागलीच्या बिअरवर होता, आणि आपली कोणती हे ओळखू येऊनही तो साळसूद बसला होता.

"बरी आहे."

"बरी? मागच्या साली तुम्ही बिअरवर पाऊण तास बोलला होता."

बापूंनी टोपी सारखी केली. "ताईचं नाक आज पंगतीत नाय. तिकडं आत हे." सगळे हसले. मीही हसले. बापू काही हसले नाहीत.

वाइनची फेरी सुरू झाली. एक पांढरी झाली, एक बापूंची, तिच्यात दालचिनीचा वास असतो म्हणून ती झाकली तरी झाकत नाही. त्यानंतर आत बूच निघाल्याचा आवाज आला, नेहमीपेक्षा जड. मेणाचं बूच असं निघतं. मग शांतता. मी वाट बघितली. पेले वाजले नाहीत. बाहेर अदिती मधमाश्यांबद्दल काही सांगत होती, गणेश तिला कुरमुरे देत होता, आणि मला त्यांचं बोलणं पाण्याखालून आल्यासारखं ऐकू येत होतं. दार किलकिलं झालं. मिलिंदचा चेहरा तेवढा दिसला.

"एक उठली पंगतीतून," तो म्हणाला, आणि दार परत लागलं.

"अरेरे," अदिती म्हणाली. "माझी नसू दे."

ती माझी होती हे मला माहीत होतं. पहिल्यांदा जे वाटलं ते बाई म्हणून नाही, बायको म्हणून नाही, वाइन करणारी म्हणून वाटलं. गेली. वर्षभर कपाटात जपून ठेवली आणि व्हिनेगर झाली. नाक कापल्यासारखं झालं. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, तो असा आला की मी हातातला पेला खाली ठेवला. गेलेली बाटली बाहेर येत नाही. ती आतच राहते. उघडी. त्याच्याजवळ. आणि ती गेलेली आहे हे फक्त तोच म्हणतोय.

आतून नळाचा आवाज यायला लागला. चालूच राहिला. भांडं धुवायला इतका वेळ लागत नाही. मी उठले.

"वहिनी, नियम," गणेश म्हणाला.

"मोडला म्हणावं," मी कुणाला म्हटलं कोण जाणे, आणि दार ढकललं.

मिलिंद सिंकपाशी उभा होता. नळ सुटलेला. सिंक जांभळं. हातात बाटली, मोजा अर्धा खाली घसरलेला, आणि बाटली अर्धी रिकामी. मी दार लोटून घेतलं. मी त्याच्या तोंडाकडेच बघत होते आणि ते त्याने पाहिलं.

तो माझ्याजवळ आला. चिडून नाही. डॉक्टरपुढे उघडतात तसं त्याने तोंड उघडलं आणि म्हणाला, "घे. हुंग."

नको, असं म्हणायला हवं होतं. मी म्हटलं नाही. मी पुढे झुकले आणि लग्नाच्या नवऱ्याच्या तोंडाचा वास घेतला. बडीशेप होती. नुसती बडीशेप. माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायला म्हणून मी त्याच्या हातातली बाटली घेऊन नाकाशी नेली. व्हिनेगरचा झणका येणार म्हणून श्वास जरा आवरूनच घेतला.

झणका आला नाही. त्या वासाचं काय सांगू. पिकलेली काळी जांभळं, ओल्या मातीचं मडकं, आणि मागून हलकेच लवंग. मी आजवर केलेली एकही वाइन त्याच्या जवळपास जाणारी नव्हती. आमच्या सगळ्यांत वाईट मोसमात, नशेतल्या पायांनी तुडवलेले ते मणी, आणि त्यांचं हे झालं होतं.

"ही गेलेली नाही," मी म्हटलं.

"नाही."

"मग?"

त्याने नळ बंद केला. "आतापर्यंतच्या सगळ्या वाढल्या. काही झालं नाही, खरंच सांगतो. दुसऱ्याच्या घरच्या होत्या. हिचं बूच काढलं आणि वास आला, आणि माझा हात पेल्यांकडे जाईना, माधू. तोंडाकडे येत होता. मग ओतायला घेतली." तो थांबला. "अर्धी ओतवली. पुढची ओतवत नाही. इतकी चांगली झालीय. तू ओत."

बाहेर कुणीतरी हसलं. मी बाटली धरून उभी राहिले. एक घोट, एवढंच मला हवं होतं. जिभेवर ठेवायचा आणि थुंकायचा, आमच्यात तसंही करतात. करणारीला स्वतःचं केलेलं चाखता येऊ नये, याहून मोठी शिक्षा नाही, आणि माझा तर काही गुन्हाही नव्हता. तो माझ्याकडे बघत नव्हता. खिडकीतून गॅलरीकडे बघत होता, म्हणजे मला घ्यायचा असला तर घेता यावा. ते बघितलं आणि मला त्याचा राग आला, माया आली, परत राग आला. मी बाटली उलटी केली. वाइन गुडुप गुडुप करत गेली. शेवटचा थेंब पडेपर्यंत आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे होतो.

मी रिकामी बाटली घेऊन बाहेर आले. मागून तो ट्रे घेऊन आला, ट्रेवर अदितीच्या मीडची बाटली, हिरव्या मोज्यातली, आणि कोरे पेले.

"मी नियम मोडलाय, तर सांगून टाकते," मी म्हटलं. "उठली ती माझी. पार गेली. व्हिनेगर."

"वहिनी, तुमची?" गणेश म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं. अदितीने सांगितलं की बुचातून हवा गेली असणार. गणेशला वाटलं बाटली नीट उकळली नसेल. केमिस्ट्रीच्या बाईला त्यांनी हवा आणि जंतू शिकवले आणि मी मान डोलवत ऐकलं. इतकी उत्तम वाइन करून इतकी अडाणी ठरण्याचा तो माझा पहिलाच प्रसंग होता.

आमच्यात अजून एक पद्धत आहे, ती त्या घाईत माझ्या ध्यानातून गेली होती. गेलेली बाटली पंगतीच्या शेवटी बाहेर आली की तिचं तोंड सगळ्यांनी हुंगायचं, आणि मी तर ती आधीच बाहेर आणली होती. कशाने गेली ते कळावं आणि पुढच्या वर्षी तीच चूक होऊ नये म्हणून. बापूंनी हात पुढे केला. बाटली न देण्याला काही कारण नव्हतं. मी दिली.

त्यांनी टोपी मागे सारली, बाटली नाकाशी धरली, डोळे मिटले. मिलिंद ट्रे घेऊन तसाच उभा. पेले एकमेकांना लागून बारीक वाजत होते. बापूंनी डोळे उघडले, आधी माझ्याकडे पाहिलं, मग वाजणाऱ्या पेल्यांकडे. पुन्हा एकदा हुंगलं. देवळ्याच्या त्या नाकाला जे कळायचं ते पहिल्याच खेपेला कळलं होतं.

"द्या बापू इकडे," गणेश म्हणाला. "बघू कशाने गेली."

बापूंनी शेजारचा पाण्याचा तांब्या उचलला, बाटलीत ओतला, अंगठ्याने तोंड दाबून ती चांगली खळबळून काढली आणि ते पाणी बसल्या जागेवरूनच गॅलरीच्या दारातल्या कुंडीत रिकामं केलं. "काय हुंगतो भाऊ," ते म्हणाले. "पार गेली ही. काहीच राह्यलं नाय."

मग ते गुडघ्यावर हात देऊन उठले, आणि मिलिंदच्या हातातला ट्रे त्यांनी स्वतःकडे घेतला.

"बसा आता तुम्ही. लय वाढलं. राहिलेली मी वाढतो."

मिलिंदने एकदा ट्रेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी सतरंजीवर जरा सरकले. तो माझ्याशेजारी येऊन बसला आणि त्याने परातीतले मूठभर कुरमुरे घेतले.